कुठला आवाज ठेवायचा

माझ्या केस कापायच्या दुकानात खुर्च्या दोन आणि सल्लागार गावभर. गळ्याभोवती कापड बांधलं, मान खाली घातली, की माणसाला जगातलं सगळं कळायला लागतं. म्हणून घरातली गोष्ट दुकानात काढायची नाही, असा मी केव्हाच कानाला खडा लावलेला आहे. तरी त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "आमच्या गाडीच्या आतला आवाज कमी करायचाय. कुणाला काही माहीत आहे का?"

झालं. एकाने सांगितलं, दारांच्या आत जुनी ब्लँकेटं कोंबा. दुसरा गच्च्यांची गळती काढणारा. त्याला प्रत्येक दुखण्यावर डांबर हे एकच औषध माहीत. तो म्हणाला, गच्चीला लावतात तो डांबरी कागद मी स्वतः येऊन चिकटवून देतो. तिसरा आमचा बॅटरी. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे त्याला सगळे बॅटरी म्हणतात. तो खुर्चीतून म्हणाला, "गाणी मोठ्याने लाव की. मग कशाला ऐकू येतोय गाडीचा आवाज?" मी त्याचे कल्ले जरा वरच उडवले.

गाणी लावून भागलं असतं तर मी या लोकांच्या तोंडी लागलोच नसतो. आवाजाचा त्रास आम्हाला नव्हताच. तो आईला होता.

आईला अलीकडे कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत मशीन आहेत आणि घरात त्यांचं उत्तम चालतं; शेजारच्या घरात काय शिजतंय हे वासाने कळायच्या आधी तिला आवाजाने कळतं. पण गाडी सुरू झाली की त्या मशीनना आपलं-परकं कळत नाही. चाकांची घरघर, दारांचा खडखड, छताच्या पत्र्याची थरथर, सगळं सारखंच मोठं करून ती तिच्या कानात ओततात, आणि त्यात माणसाचा आवाज बुडून जातो. आई मग मशीन काढून पर्समध्ये ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत मूग गिळून बसायची.

हे किती वाईट होतं, ते आमची गाडी माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. बाबांनी जन्मभर बस चालवली. सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला गाडीतून फिरवायचे, कारण त्यांना दुसरं काही करताच येत नाही. आई पुढे, त्यांच्या शेजारी. किल्ली फिरली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. कुणी घराला रंग काढला, कुणाच्या दुकानाची पाटी वाकडी लागली, कोणती मुलगी कोणाबरोबर हसत चालली आहे, सगळं ती वाचून दाखवायची, आणि त्यात मधेच आमच्या घरातल्या मोठमोठ्या गोष्टी ठरून जायच्या. माझं लग्न एका चढावर ठरलं. बाबा गाडी चालवताना बोलत नाहीत. नाकातल्या नाकात नुसतं हूं हूं चालू असतं. ते आईच्या बोलण्याला होकार देतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तर अशी ही बाई पर्स मांडीवर घेऊन गप्प बसायला लागली. मग एके दिवशी म्हणाली, "तुम्ही जा. मी घर बघते." घर कुठे पळून जाणार होतं? पुढच्या खेपेला पुन्हा तेच. शेजारच्या शहरात माझी मावशी राहते, आईची धाकटी बहीण. तिच्याकडे आई आधी दर महिन्याला जायची, तेही बंद झालं. आई गाडीतून उतरली ती हळूहळू आमच्यातूनच उतरायला लागली आहे, हे मला दिसत होतं आणि मी काही करत नव्हतो. करायचं काय, तेच सुचत नव्हतं.

सुचलं माझ्या बायकोला. ती बाइंडर आहे. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, जुने शब्दकोश, लोकांची वेडीवाकडी हस्तलिखितं तिच्याकडे येतात आणि सरळ होऊन परत जातात. एका संध्याकाळी ती आईच्या जागेवर बसून माझ्याबरोबर बाजारात गेली आणि वाटभर एक शब्द बोलली नाही. तळहात दारावर, मग छतावर, मग पायाखाली. परत आल्यावर म्हणाली, "आईंच्या कानांना काही करता येणार नाही. गाडीला करता येईल."

तिने काय केलं ते मी आता सांगतो, आणि मध्ये मध्ये कौतुक आलं तर ऐकून घ्या. माझी बायको आहे, मी करणारच.

सुट्या भागांच्या दुकानातून तिने सगळ्या मालाचे तळहाताएवढे नमुने मागून आणले. डांबरी शीट, चंदेरी पातळ पत्रा लावलेली काळी रबरी शीट, दोन-तीन प्रकारचे फोम, जाड नमदा म्हणजे दाबून केलेलं लोकरीचं कापड. दुकानदाराने पहिल्याच शीटवर बोट ठेवून सांगितलं होतं, सगळे हेच नेतात. ती मला म्हणाली, "कापड घेताना मी दुकानदाराचं ऐकत नाही, कापडाचं ऐकते." आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन स्टीलची एकसारखी ताटं काढून आणली.

प्रत्येक ताटाच्या पाठीला एकेक तुकडा चिकटवला, आणि चमचा हातात घेऊन आईला समोर बसवलं. मोकळ्या ताटावर चमचा मारला तर टण्णकन वाजून ते कितीतरी वेळ गुणगुणत राहिलं. नमदा लावलेलं थोडं कमी वाजलं.

"याचं रडणं चालूच आहे," आई म्हणाली.

डांबरी शीटचं ताट बरंच शांत होतं. रबरी शीटचं ताट मात्र नुसतं टप् झालं आणि गप्प बसलं. आईने स्वतः चमचा घेतला आणि दोनदा मारून बघितला.

"हे शहाणं बाळ," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला कशात तरी रस घेताना मी बघत होतो. ती पुढे प्रत्येक ताटाला नाव ठेवत बसली आणि चहा गार झाला.

मला वाटलं, झाली निवड. पण बायकोने तुकडे बाल्कनीतल्या पत्र्यावर चिकटवून भर उन्हात ठेवले. दुपारी डांबरी तुकडा खाली सरकून कठड्याला टेकला होता आणि बाल्कनीत रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास सुटला होता. रबरी तुकडा हलला नव्हता. मग फोमचे तुकडे तिने बादलीत बुडवले. एक स्पंजासारखा पाणी पिऊन तळाला गेला, एक वर तरंगत राहिला.

"दाराच्या आत पाणी जातं," ती म्हणाली. "काच जिथून खाली उतरते तिथून. पाणी पिणारा फोम लावला तर दार आतून गंजेल. हा तरंगणारा घेऊ."

मी दुसऱ्या दिवशी दुकानात ही हकिगत सांगितली. गच्चीवाला म्हणाला, एवढं कोण बघतं? मी म्हटलं, आमच्या घरात बघतात. आणि ताठ मानेने वस्तरा धुतला.

काम घरासमोरच्या शेडमध्ये सुरू झालं. सीट काढायचं काम बाबांनी कुणाला करू दिलं नाही. ते बोल्ट सोडवायचे आणि कोणता कुठला ते लक्षात राहावं म्हणून वेगवेगळ्या वाट्यांमध्ये ठेवायचे. सीटखालून माझा हरवलेला कंगवा निघाला, सुकलेला बटाटा निघाला आणि आईच्या लिंबाच्या गोळ्यांचे चुरगळलेले कागद निघाले. बोलून बोलून घसा कोरडा पडायचा म्हणून ती गोळ्या चघळायची. कागद सगळे जुने होते. बायकोने ते गोळा केले आणि टाकून न देता खिडकीत ठेवले.

दारांची आतली अस्तरं ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतात त्या खुंट्या हमखास तुटतात, असं प्रत्येक सल्लागाराने सांगितलं होतं. तिने एकही तुटू दिली नाही. बाइंडरांकडे घडी दाबायला हाडाची एक गुळगुळीत पट्टी असते. ती फटीत सरकवून, खुंटी कुठे आहे ते हाताला लागेपर्यंत थांबून, ती नेमकी तिथेच उचलायची. आतला पत्रा उघडा पडला की माझ्या दुकानातलं स्पिरिट घेऊन त्यावरची सगळी धूळ आणि तेलकटपणा पुसायची. बोटाने पुसून बघायची, पुन्हा पुसायची. मग पुठ्ठ्याचा साचा कापायचा, तो पत्र्याला लावून बघायचा, आणि त्यावरून शीट कापायची. शीटच्या चंदेरी कडा पात्यासारख्या धारदार असतात. तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, तरी कात्रीची रेघ हलत नव्हती.

शीट एकदा टेकली की टेकली, पुन्हा उचलायची सोय नाही. ती एका टोकापासून लावत न्यायची आणि मागोमाग लहान रोलरने दाबत जायची, चंदेरी पत्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत. खाली हवेचा एक बुडबुडा राहू द्यायची नाही. वळणावळणाच्या जागी शीट ताठ राहायची, तेव्हा माझी पाळी यायची. मी दुकानातला केस वाळवायचा ड्रायर धरायचो, शीट ऊन होऊन मऊ व्हायची आणि ती बोटांनी तिला कोपऱ्यात बसवायची. या सगळ्या प्रकरणात माझं योगदान एवढंच, पण ड्रायर मी मनापासून धरला. दारांच्या तळाला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती तिने एकेक मोकळी ठेवली आणि मला खाली वाकवून दाखवली.

"इथे चिकटवलं असतं तर दाराची बादली झाली असती," ती म्हणाली.

दारं झाली, छत झालं, तळ झाला, मागच्या चाकांवरचे उंचवटे झाले. पहिलं दार लावून बघितलं तेव्हा खडखड न होता धप्प असा जाड आवाज झाला, आणि बाबांनी ते दार उगाचच चार-पाच वेळा उघडून लावलं. राहिली होती ती पुढची भिंत, म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्या मधला पत्रा. तिथे वायरींचं जंगल, हात जेमतेम जातो. पण बायकोच्या धंद्याचा एक नियम आहे: कापडाखाली मोकळी जागा राहिली की पुस्तक तिथेच फुगतं, तिथेच फाटतं. मोकळी जागा तिला बघवत नाही. पाठीवर झोपून, मान वाकडी करून, आरशात बघत तिने ती भिंत कोपऱ्यांसकट झाकली. आधी शीट, वर फोम, त्यावर नमदा. बॉनेटलाही आतून अस्तर लावलं. वायरी जातात त्या भोकांभोवती रबराची अशी कॉलर कापून बसवली की तेवढी बघायला मी शेजाऱ्यांना बोलावलं. इतकं सुंदर काम जन्मात कुणाला दिसणार नव्हतं, सगळं गालिच्याखाली जाणार होतं. मला तर गालिचा घालूच नये असं वाटत होतं.

पहिली फेरी मावशीकडे. आई पुढे बसली, मशीन कानांत होती. पर्सचा बंद तिने घट्ट धरला होता. गाडी रस्त्याला लागली, वेग घेतला. आई वाट बघत होती, आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो.

मी मागून नेहमीच्या आवाजात विचारलं, "आई, ऐकू येतंय का गं?"

"ओरडतोस कशाला? बहिरी आहे का मी?" ती म्हणाली.

माझ्या बायकोने तोंड खिडकीकडे वळवलं आणि नाक ओढलं. तेही आईला ऐकू गेलं. "सर्दी झालीय का हिला?" तिने विचारलं आणि मग सुटलीच. पाट्या, रंग, दुकानं, सगळं साठलेलं एकदम बाहेर. मी सुखाने डोळे मिटले.

ते उघडले हिसक्याने. चौकात गाडी बंद पडली होती. बाबांच्या हातून! ज्यांच्या बसमध्ये उभी माणसं वरचा दांडा न धरता पेपर वाचायची, त्यांच्या हातून. मागच्यांनी हॉर्न दिले. बाबांनी पुन्हा सुरू केली, आणि पुढे चढावर गाडी गुदमरून कापायला लागली तरी त्यांना गिअर खाली घ्यायचं सुचेना. मग सपाटीवर लागलो तर दुसऱ्यातच ताणत राहिले. क्लचचा जळका वास आला. आई बोलता बोलता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मावशीच्या दारात त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"येताना तू चालव."

घरी आल्यावर मी म्हटलं, क्लच दाखवून घेऊ, तोच खराब झाला असेल.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाबा म्हणाले. "क्लच ठीक आहे. माझा हात गेला. वय झालं, एवढंच." आणि किल्ली खुंटीला लावून आत गेले. या माणसाने कधी दार आपटलं नाही, त्या दिवशीही आपटलं नाही.

नंतर किल्ली तिथेच लटकत राहिली. मी म्हटलं, मी नेतो दोघांना. आई म्हणाली, तू नेणार तर मी कशाला येऊ? बाबा गच्चीत जाऊन बसायचे, खालून बस गेली की खाली बघायचेसुद्धा नाहीत. एक जण गाडीत परत आणला आणि दुसरा उतरवला, असा आमचा पराक्रम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरांनी बाबांचे डोळे तपासले, हात तपासले, गुडघे ठोकले, आणि काही सापडलं नाही. बायकोच्या बोटांच्या चिंध्या अजून सुटल्या नव्हत्या.

एका सकाळी चहा चालला होता. बाबाही होते. आई कपात बघत म्हणाली, "त्या दिवशी मला गाडीत सगळं ऐकू आलं. हिचं नाक ओढणं, तुझं घोरणं. एकच ऐकू आलं नाही."

"काय?" मी विचारलं. घोरलो मी नव्हतो, पण ते राहू द्या.

"यांचं हूं हूं."

मी म्हटलं, "अगं, त्यांचं लक्ष नसेल तुझ्या बोलण्याकडे. म्हणून हो म्हटलं नसेल."

आईने माझ्याकडे दयेने बघितलं. "मला हो म्हणतात ते? या माणसाने मला कधी हो म्हटलंय? ते गाडीचं असतं. चाळीस वर्षं शेजारी बसलेय मी."

बायकोने कप खाली ठेवला. "आई, कसं असतं ते? करून दाखवा ना."

आई लाजली. मग डोळे मिटून तिने नाकातून सूर काढला. खालून सुरू झाला, चढत गेला, चढत गेला, एकदम तुटला आणि पुन्हा खालून सुरू झाला. पुन्हा चढला, पुन्हा तुटला.

"हे तर गिअर आहेत," बायको हळूच म्हणाली.

बाबा आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "मी असं करतो?" त्यांनी आईला विचारलं.

"बसमध्येही करायचात. कंडक्टर हसायचा."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. आमच्या गाडीला इंजिनाचा वेग दाखवणारा काटा नाही, आणि त्यांच्या बसला होता त्याच्याकडे त्यांनी कधी बघितलं नसणार. ते इंजिनाचा सूर आपल्या नाकात धरायचे आणि तो वर जाऊन बोचायला लागला की हात आपोआप गिअरवर जायचा. एवढी मोठी विद्या, आणि ती आपल्याजवळ आहे याचा पत्ता नाही. आम्ही इंजिन गप्प केलं आणि त्यांचा हात आंधळा झाला. त्यांना वाटलं म्हातारपण आलं.

बायको उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता, स्वतःवरचा. "अति तिथे माती," ती म्हणाली. "बाबा, हात नाही गेला तुमचा. मी भिंत बांधली मध्ये."

"राहू दे," बाबा लगेच म्हणाले. "तिला ऐकू येतंय ना? मग राहू दे. मी नाही चालवली तर काय बिघडतं?"

"माझं बिघडतं," आई म्हणाली.

मी बायकोला शेडमध्ये विचारलं, आता सगळं उचकटायचं का? ती गालिचा वर करत म्हणाली, "सगळं कशाला? दारं, छत, चाकं, यांच्या आवाजाचा कुणाला उपयोग नाही. ते गप्पच बरे. फक्त कुठला आवाज ठेवायचा, ते मी आधी विचारलं नाही. आता विचारू."

विचारायची तिची रीत अशी. बाबा चालवायला, आई शेजारी, मी मागे. मी पेपर घेऊन नेहमीच्या आवाजात वाचायचं आणि आईने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. हूं आलं की आईने हात वर करायचा. दोन्ही एकदम जमलं पाहिजे, बाबांना इंजिन आणि आईला माणसं. बाबांना मात्र काही लक्ष द्यायचं नाही, असं बजावलं होतं, कारण मुद्दाम काढलेलं हूं काय कामाचं?

आधी बॉनेटचं अस्तर निघालं. घरामागच्या रस्त्याने चक्कर मारली. मी भाड्याने द्यायच्या खोलीची जाहिरात वाचली, आईने अक्षर न अक्षर परत सांगितली. हूं नाही. गाडीने हिसका दिला. शेडमध्ये परत. बाबांच्या पायांसमोरचा नमदा निघाला. चक्कर. गाद्यांची जाहिरात. हूं नाही. बाबांचा चेहरा उतरत चालला होता आणि चौथ्या की पाचव्या चकरेला ते म्हणाले, पुरे आता. बायकोने ऐकलंच नाही. फोम निघाला. कॉलर निघाल्या, ज्या बघायला मी शेजाऱ्यांना बोलावलं होतं.

राहिली शीट. मी ड्रायर धरला, ती पाठीवर झोपून पातळ पट्टीने शीट तासायला लागली. ती अशी चिकटवली होती की निघता निघेना, आपल्याच हाताचं काम तिला सोडायला तयार नव्हतं. काळा चिकट गोंद तिच्या मनगटापर्यंत आला. मला बघवेना. मी म्हटलं, "किती मनापासून केलं होतंस गं."

"पुस्तक उघडत नसेल," ती खालून म्हणाली, "तर ते सुंदर बांधून काय करायचं?"

मी ड्रायर धरून उभा राहिलो. या बाईशी माझं लग्न एका चढावर ठरलं, तेव्हा आईने मला फक्त एवढंच सांगितलं होतं की मुलगी हाताने चांगली आहे. आईने ते किती कमी सांगितलं होतं, ते त्या दिवशी मला कळलं.

बाबांच्या बाजूचा पत्रा उघडा झाला. आईच्या बाजूची भिंत तिने जशीच्या तशी ठेवली. गालिचा टाकला, हात पुसायलाही न थांबता माझ्या शेजारी मागे येऊन बसली. "चला बाबा."

गाडी रस्त्याला लागली. इंजिनाची घरघर आता येत होती, पण लांबून, शेजारच्या खोलीत कुणी काम करत असावं इतकी. मी जुन्या कपाटाची जाहिरात वाचायला घेतली. "तीन खणांचं, आरसा शाबूत..."

"आरसा शाबूत," आई म्हणाली, आणि तिचा हात वर गेला.

मी थांबलो. आधी मला काहीच ऐकू येईना. मग आलं. खालून सुरू झालेलं, नाकातलं, बेसूर, चढत चाललेलं. चढलं, तुटलं, आणि बाबांचा हात गिअरवर जाऊन परत आला. हिसका बसला नाही. तो हात कधी हलला हे मी बघत होतो म्हणून कळलं. आईने डोळे मिटले होते, हात तसाच वर धरलेला. बायकोने काळ्या चिकट बोटांनी माझं मनगट धरलं आणि सोडेना.

वळण आलं. घराकडे वळायचं होतं, पण बाबांनी गाडी मोठ्या रस्त्याला घातली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. पुढे चढ होता. गाडी वर चढायला लागली, हूंही वर चढायला लागलं, गिअर लोण्यासारखा खाली आला, आणि उभ्या माणसाने पेपर वाचावा अशी गाडी तो चढ चढून गेली. बाबांचा ताठ झालेला खांदा कधी खाली आला ते मला कळलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आईने हात खाली घेतला आणि डोळे उघडले. पर्स पायाशी ठेवली, पदराने चष्मा पुसला आणि काचेतून बाहेर बघितलं.

"अगंबाई! त्या कोपऱ्यावरच्यांनी घराला पोपटी रंग दिला?" ती म्हणाली. "आणि खिडक्या लाल! घरात कुणी मोठं माणूस नाही का यांच्या? परवा तुझी मावशी सांगत होती, त्यांच्या सुनेने—"

हूं पुन्हा चढायला लागलं होतं, चांगलंच मोठ्याने. आईने बाबांच्या दंडावर चापट मारली.

"अहो, जरा हळू. मी बोलतेय ना."